परदेशातून आणलेल्या स्मार्टफोनची वॉरंटी : नागपुरात दुरुस्तीसाठी पात्रता, कागदपत्रे आणि तक्रारीचा मार्ग

परदेशात विकत घेतलेला फोन नागपुरात बिघडला आणि तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेला, तर काउंटरवरील कर्मचारी आधी आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनला दिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक, संगणकात टाकून तो फोन मुळात कोणत्या देशात विकला गेला हे पाहतो, आणि मोफत दुरुस्ती मिळणार की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरते. शारजा आणि दोह्याहून येणाऱ्या विमानांतून, तसेच अमेरिकेत नोकरीला असलेल्या मुलामुलींच्या हातून आपल्याकडे असे पुष्कळ फोन येतात. म्हणून फोन चांगला चालत असतानाच ही माहिती करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

उत्पादकाची वॉरंटी म्हणजे कंपनीने ठरावीक अटींवर दिलेली हमी होय. ती कोणत्या देशात लागू आहे हे त्या अटींमध्येच लिहिलेले असते, आणि अनेक अँड्रॉइड कंपन्या ती विक्रीच्या देशापुरती किंवा प्रदेशापुरतीच ठेवतात. अ‍ॅपलच्या एक वर्षाच्या मर्यादित वॉरंटीतही आयफोनची सेवा मूळ विक्रीच्या देशापुरती मर्यादित करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे. त्यामुळे ‘आमच्या ओळखीच्या एकाला फुकट करून दिले’ यावर विसंबून राहू नये. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासण्याची सोय असते; तेथे आयएमईआय किंवा अनुक्रमांक टाकून मुदत पाहावी, आणि त्यानंतर भारतातील ग्राहक सेवेला ईमेल करून ‘या मॉडेलला भारतात वॉरंटीतील सेवा मिळेल का’ एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा. फोनवर मिळालेले उत्तर काउंटरवर दाखवता येत नाही, ईमेल दाखवता येतो.

फोन कोणत्या बाजारपेठेचा आहे हे आपल्यालाही ओळखता येते. आयफोनच्या सेटिंगमधील ‘अबाउट’ या पानावर मॉडेल क्रमांकाच्या शेवटी एलएल ही अक्षरे असतील तर तो अमेरिकेतील विक्रीचा असतो, एचएन असतील तर भारतातील. हा फरक कागदापुरता नसतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मध्ये सिमकार्डची खाचच नाही, त्यामुळे संपूर्ण फोन बदलून देण्याची वेळ आली तर तसाच फोन येथे सहज उपलब्ध असेल असे धरून चालता येत नाही.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. विमानतळावर सीमाशुल्क भरल्याची पावती जरूर जपून ठेवावी, परंतु शुल्क भरल्याने फोन वॉरंटीच्या दृष्टीने भारतीय होत नाही. तसेच इंग्रजी अक्षरांत केवायएम, त्यापुढे रिकामी जागा आणि पंधरा अंकी आयएमईआय लिहून १४४२२ या क्रमांकावर संदेश पाठवला, किंवा १६ मे २०२३ रोजी सुरू झालेल्या, केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तपासले, तर तो क्रमांक वैध आहे की नाही एवढेच कळते. वॉरंटीशी त्याचा संबंध नाही.

कागदपत्रांमध्ये सर्वात महत्त्वाचे आहे ते खरेदीचे बिल. त्यावर दुकानाचे नाव, तारीख, मॉडेल आणि शक्यतो आयएमईआय असावा. बिलाशिवाय संगणकात दिसणारी खरेदीची तारीख आणि प्रत्यक्ष तारीख जुळत नसेल, तर पुरावा देण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. माझ्या भाच्याने शारजाहून आणलेल्या फोनचे बिल थर्मल कागदावर होते. ते त्याने गाडीच्या डिक्कीत ठेवले आणि मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात तो कागद असा काळवंडला की अकरा महिन्यांनी काउंटरवर त्यातले फक्त दुकानाचे नाव वाचता येत होते. तेव्हा खरेदीच्या दिवशीच बिलाचा स्वच्छ फोटो काढून तो स्वतःला ईमेल करावा. बिल अरबी, चिनी किंवा जपानी भाषेत असेल तर दुकानाकडून इंग्रजी प्रत मागून घ्यावी, आणि फोन भेट मिळालेला असेल तर देणाऱ्याकडून मूळ बिल मागवून घ्यावे. सोबत आयएमईआयचे लेबल असलेला खोका आणि ओळखपत्र न्यावे. फोन सुरू असेल तर *#०६# दाबून खोक्यावरील क्रमांक जुळवून पाहावा.

फोन सोपवण्यापूर्वी माहितीचा बॅकअप घ्यावा आणि आयफोन असल्यास ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद करावी. त्यानंतर जॉब शीट, म्हणजे फोन दुरुस्तीसाठी घेतल्याची नोंद असलेला कागद, मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नये. तिच्यावर आयएमईआय, बिघाडाचे वर्णन, फोनच्या काचेची आणि कडांची स्थिती, दुरुस्ती वॉरंटीत आहे की पैसे देऊन, आणि पैसे देऊन असल्यास अंदाजे खर्च, हे सर्व लिहिलेले असावे. पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, आणि फोनच्या आतील पट्टी लाल झालेली असेल तर तो ओळखू येतो. म्हणून तसा शेरा मारला गेला तर ती पट्टी आपल्यासमोर दाखवण्याची विनंती करावी. संपूर्ण फोन बदलून मिळाला तर आयएमईआयही बदलतो. तो नवा क्रमांक लेखी घेतल्याशिवाय जुन्या बिलाचा उपयोग राहत नाही.

वॉरंटी नाकारली गेली तर नकाराचे कारण जॉब शीटवर किंवा ईमेलने मागावे. फोन परत खरेदीच्या देशात पाठवण्याचा मार्ग उरतो, मात्र फुगलेली किंवा खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवता येत नाही. युरोपीय संघातील देशांत विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, पण ती तेथील दुकानदाराकडूनच वसूल करावी लागते. तेव्हा नातेवाईक तिकडे असतील तर त्यांच्यामार्फत दावा करणे व्यवहार्य ठरते.

पैसे देऊन नागपुरातच दुरुस्ती करून घेतली, तर त्या दुरुस्तीपुरते आपण येथील ग्राहक असतो, आणि ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. डिस्प्ले बदलल्यावर आठवड्यात पुन्हा बंद पडला तर फोन परदेशी आहे हे कारण पुरेसे नाही. प्रथम सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्यावी, नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तरीही दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नागपूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी अडचण नाही. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील नेमणे सक्तीचे नाही आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन अर्जही करता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, जॉब शीट, पैसे भरल्याची पावती आणि पत्रव्यवहाराच्या प्रती जोडून हा अर्ज दाखल करावा.