प्रेमभंग आणि भावबंध

प्रेमसंबंध तुटल्यावरही त्या व्यक्तीची ओढ मागे उरते. ही ओढ आणि तिचे ओसरणे यांचा उलगडा मानसशास्त्रात भावबंधाच्या, म्हणजे अटॅचमेंटच्या, सिद्धांतावरून केला जातो. भावबंध म्हणजे धीर आणि आधार यांसाठी एका विशिष्ट व्यक्तीजवळ राहण्याची खोल ओढ. प्रेम आणि भावबंध एकच नव्हेत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी विभक्त जोडप्यांविषयी लिहिताना १९७५ मध्ये हा भेद मांडला : प्रेम, आदर, विश्वास आटला तरी भावबंध टिकून राहतो. म्हणूनच ‘आता काही वाटत नाही’ म्हणणाऱ्याचाही जीव फोन वाजला की वरखाली होतो. नाते स्वतःहून तोडणाराही यातून सुटतोच असे नाही.

सिद्धांताचा पाया ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा. आईपासून दुरावलेली लहान मुले आधी आकांत करतात, मग खचतात, शेवटी अलिप्त होतात, असे त्यांनी व जेम्स रॉबर्टसन यांनी नोंदवले होते. प्रौढांचे प्रेमही याच जातीचे असते, हे सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये मांडले. ब्रेकअपनंतरचे मेसेजवर मेसेज, जाब विचारणे, विनवण्या हा तोच आकांत. पेच असा, की दुखावले गेल्यावर ज्याच्याकडे धाव घ्यायची सवय, दुखावणाराही तोच असतो. सोडून जाण्याची भीती ज्यांच्या मनात आधीपासूनच असते, त्यांचा आकांत लांबतो. जवळीक टाळणारे वरवर शांत दिसतात. त्या शांतपणाला सावरणे समजू नये.

हेलन फिशर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नाकारल्या गेलेल्या १५ जणांना प्रिय व्यक्तीचे छायाचित्र दाखवून मेंदूचे चित्रण केले. ओढ आणि व्यसन यांच्याशी निगडित भाग त्यात सक्रिय दिसले. ‘प्रेम म्हणजे नशा’ हे लाडके विधान एवढ्याशा नमुन्यावर पेलणारे नाही, पण तुलना अगदीच निराधारही नाही.

सावरताना संपर्क चालू राहिला तर दुःख सावकाश ओसरते, असे डेव्हिड स्बारा आणि रॉबर्ट एमरी यांना २००५ मध्ये दिसले. जोडीदाराबरोबर ‘मी कोण’ याचाही काही भाग निघून जातो. ती घडी पुन्हा बसायला वेळ लागतो. शोकाच्या सुप्रसिद्ध पाच पायऱ्या (नकार, राग, सौदेबाजी, खिन्नता, स्वीकार) इथे सर्रास चिकटवल्या जातात, परंतु मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांविषयी.

नाते तुटल्यास किती त्रास होईल, याचा अंदाजही माणसे चुकवतात. पॉल ईस्टविक आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासात प्रत्यक्ष दुःख भाकितापेक्षा कमी निघाले. जितके प्रेम अधिक, तितकी ही चूक मोठी होती.