आयरिश 'ग्लस' : हिरवा म्हणावं की करडा?

आयरिश शिकायला घेतली की 'ग्लस' म्हणजे हिरवा असं आपण पाठ करून टाकतो, आणि मग कुठेतरी 'कापल ग्लस' भेटतो आणि डोकं फिरतं, कारण कापल म्हणजे घोडा आणि हिरवा घोडा कुणी पाहिलाय? तो असतो करडा.

गंमत अशी की जुन्या केल्टिक लोकांनी (आयरिश आणि वेल्श बोलणाऱ्यांचे पूर्वज) रंगांचे कप्पे आपल्यासारखे पाडलेच नव्हते. गवत, दगड, ढगाळ आभाळ, समुद्र, सगळं ग्लस. वेल्श भाषेत हाच शब्द आज चक्क निळा झालाय, हिरव्यासाठी त्यांनी लॅटिनमधून 'ग्विर्द' उचलला, तरी गवताच्या 'ग्लासवेश्ट' या शब्दात जुना हिरवा अजून बसलेलाच आहे. आयर्लंडमध्ये वाटणी वेगळी झाली: झाडापानांचा हिरवा तो ग्लस, आणि रंगवलेला, कापडाचा, झेंड्यावरचा हिरवा तो 'उअन्ये'. दुरून डोंगर साजरे ही म्हण आयरिशमध्येही आहे बरं का, फक्त तिथे लांबचे डोंगर साजरे नसतात, ग्लस असतात.

आता व्याकरण. विशेषण नामाच्या मागून येतं, ते ठीक. पण नाम स्त्रीलिंगी असलं की विशेषणाचं तोंडच बदलतं: क्लॉख म्हणजे दगड, तो तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून 'क्लॉख ग़्लस', ग़ज़लमधला घशातला ग़. आपण हिरवा-हिरवी करताना शेपूट बदलतो, हे लोक डोकं बदलतात. उगाच नाही हे. फार पूर्वी अशा बऱ्याच स्त्रीलिंगी नामांच्या शेवटी 'आ' होता, त्या स्वरामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ पडायचं, पुल्लिंगी नामांच्या शेवटी बहुतेक वेळा 'ओस' असायचं, त्यातला स आडवा यायचा म्हणून व्यंजन तसंच राहायचं. साधारण पाचव्या-सहाव्या शतकात हे शेवटचे स्वर झिजून गेले, पण मऊपणा मागे राहिला, आणि तोच लिंग दाखवायचं काम करायला लागला (माझ्या मते या भाषेतली सगळ्यात भारी गोष्ट हीच).

जुन्या आयरिश लिपीत हा मऊपणा दाखवायला अक्षराच्या डोक्यावर नुसता एक टिंब द्यायचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर छपाई साध्या रोमन अक्षरांत आली, टिंब गेला आणि त्याच्या जागी एच घुसला. आयरिश स्पेलिंगमध्ये जिकडेतिकडे एच दिसतात ते त्यामुळेच.