सिंगापूर सामुद्रधुनीतून जहाज नेताना: कोणी, कुठे, काय कळवायचं?

पहिल्यांदा या वाटेने जाणाऱ्या कॅडेटचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, परवानगी कधी मागायची?" मागायचीच नाही. सुएझ कालव्यातून जायचं तर आधी नोंदणी करावी लागते, शुल्क भरावं लागतं, पायलट, म्हणजे स्थानिक वाटाड्या, घ्यावा लागतो, ताफ्यात नंबर लागावा लागतो. मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीत यातलं काही नाही. १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीतून न थांबता पार जाण्याचा हक्क प्रत्येक जहाजाला आहे. काठावरचे देश तो अडवू शकत नाहीत. पायलटसुद्धा नुसत्या पारगमनासाठी ऐच्छिक आहे. सिंगापूर बंदरात शिरायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मग 'प्रक्रिया' म्हणून उरतं काय? उरतं ते किनाऱ्यावरच्या वाहतूक केंद्राला रेडिओवरून कळवणं. या व्यवस्थेचं नाव 'स्ट्रेटरेप'. १ डिसेंबर १९९८ पासून ती सक्तीची आहे. आणि इथेच नव्या थर्ड मेटची, म्हणजे कनिष्ठ अधिकाऱ्याची, गल्लत होते. रिपोर्ट दिला, पलीकडून 'रॉजर' आलं, म्हणजे टोकन मिळालं असं त्याला वाटतं. टोकन वगैरे काही मिळत नाही. तुम्ही तिथे आहात एवढंच त्यांना कळलेलं असतं.

कोणाला कळवावं लागतं

३०० ग्रॉस टन किंवा त्याहून मोठं जहाज, ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाज. टग (ओढणारी बोट) आणि बार्ज (मालाचा तराफा) असेल तर दोघांची बेरीज धरायची: ३०० टन किंवा ५० मीटर भरलं की तुम्ही यादीत. घातक माल असेल तर टनेज कितीही असो. व्हीएचएफ रेडिओ बसवलेली प्रवासी बोट कितीही लहान असली तरी. शिवाय एखादी लहान नाव तातडीच्या धोक्यातून वाचण्यासाठी लेनमध्ये (जहाजांसाठी आखलेल्या एकदिशा मार्गात) किंवा मधल्या विभाजक पट्ट्यात शिरली, तर तिनेही.

काय सांगायचं

रिपोर्ट छोटा असतो. जहाजाचं नाव, कॉल साइन (रेडिओवरची ओळख), आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा क्रमांक). मग जागा: अक्षांश-रेखांश, किंवा ठरलेल्या खुणेपासून बेअरिंग (दिशा) आणि अंतर. मग कोर्स आणि वेग. घातक माल असेल तर त्याचा वर्ग. शेवटी बिघाड: इंजिन, सुकाणू, रडार, नांगर, जे काही धड नसेल ते. हा शेवटचा रकाना लोक 'निल' म्हणून उरकून टाकतात. तसं करू नका. स्टीअरिंगचा एक पंप कुरकुरत असेल तर तो आधी सांगितलेला बरा. नंतर चौकशीत तो सापडतोच.

मलाक्काकडून पूर्वेला जाताना वाटेत नऊ सेक्टर, म्हणजे टप्पे, लागतात. पहिले पाच मलेशियातलं क्लांगचं केंद्र पाहतं, सहावा तिथलंच जोहोरचं, सातवा ते नववा सिंगापूरचं. सिंगापूरची चॅनेल सातव्या सेक्टरला ७३, आठव्याला १४, नवव्याला १०. तरीही पाठांतरावर जाऊ नका. रेडिओ सिग्नल्सच्या यादीचा सहावा खंड ताज्या दुरुस्त्यांसह ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) उघडा ठेवा आणि त्यातूनच वाचा. सेक्टर बदलला की नव्या चॅनेलवर पुन्हा हजेरी लावायची. संकटाच्या हाका येणाऱ्या चॅनेल १६ वरचा कान मात्र सुटू द्यायचा नाही.

कागदपत्रं: जहाजाची आणि माणसांची

काउंटरवर कोणी कागद मागत नाही. पण काही बिघडलं की सगळ्यात आधी कागदच मागतात.

पहिला कागद पॅसेज प्लॅन, धक्क्यापासून धक्क्यापर्यंतचा, कॅप्टनच्या सहीचा. त्यात यूकेसीचा, म्हणजे जहाजाच्या तळाखाली किती पाणी राहील याचा हिशेब स्पष्ट हवा. या सामुद्रधुनीत तो संपूर्ण वाटभर किमान ३.५ मीटर ठेवावा लागतो. ६ जानेवारी १९७५ ला 'शोवा मारू' हा अजस्र जपानी टँकर सिंगापूरजवळ खडकावर चढला आणि हजारो टन तेल समुद्रात गेलं. त्यानंतर खोलीचा आणि लेनचा विषय इथे कोणी हलक्यात घेतला नाही. आखीव लेन १ मे १९८१ पासून लागू झाल्या. हिशेब करताना स्क्वॅट विसरू नका. उथळ पाण्यात वेग वाढवला की जहाज आणखी खाली बसतं, आणि बंदरात मोजलेला ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडतं तो आकडा, तिथे उपयोगाचा राहत नाही. १५ मीटर किंवा त्याहून जास्त ड्राफ्टचं जहाज इथे 'डीप ड्राफ्ट' मानलं जातं. पूर्वेकडे जाताना त्याला नेमून दिलेला खोल पाण्याचा मार्गच घ्यावा लागतो. तिथे शक्यतो ओव्हरटेक करायचं नाही आणि ठरावीक टप्प्यांत जमिनीसापेक्ष वेग १२ नॉटच्या (ताशी १२ सागरी मैलांच्या) वर न्यायचा नाही.

बाकीचं झटपट: अद्ययावत ईएनसी (इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशे), भरती-ओहोटीची कोष्टकं, निघण्याआधीच्या १२ तासांतली स्टीअरिंग चाचणी लॉगबुकात, चालू एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र), आणि विश्रांतीच्या तासांची नोंद. २४ तासांत किमान १० आणि ७ दिवसांत ७७. ही नोंद खरी ठेवणारी जहाजं मी पाहिली आहेत, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

वॉचवर, म्हणजे ब्रिजवरच्या पहाऱ्यावर, उभं राहणाऱ्याची पात्रता एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातून येते: वॉचकीपिंग अधिकाऱ्याचं सक्षमता प्रमाणपत्र, जीएमडीएसएस (संकटकालीन रेडिओ यंत्रणा), ईसीडीआयएसचं (इलेक्ट्रॉनिक नकाशा दाखवणाऱ्या यंत्राचं) प्रशिक्षण आणि चालू वैद्यकीय प्रमाणपत्र. आपल्याकडे ते पहिलं प्रमाणपत्र म्हणजे सेकंड मेट फॉरेन गोइंग. ते नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत मिळतं. आयएनडीओएस नंबर (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीचा), सीडीसी (खलाशाचं सेवा-पुस्तक), पासपोर्ट, सी-टाइमची (समुद्रावरच्या सेवेची) प्रशस्तिपत्रं आणि ट्रेनिंग रेकॉर्ड बुक जुळवायला सुरुवात केली की पहिल्यांदा कळतं, सी-टाइमच्या एका पत्रावर जुन्या कॅप्टनची सहीच राहिली आहे. ती सही जहाज सोडण्याआधी घ्या. ओरल्समध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, आरओआर, म्हणजे टक्कर टाळण्याचे नियम, येणारच आणि त्यात दहावा नियम हमखास असतो. परीक्षक टेबलावर दोन मॉडेलं ठेवतो आणि विचारतो, "तू लेनमध्ये आहेस. उजवीकडून हा लेन ओलांडत येतोय. काय करशील?"

वाट कोणाची

"सर, मी लेनमध्ये आहे, तो बाजूला होईल." या एका वाक्यावर अनेकांचे ओरल्स गेले आहेत.

१९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतला दहावा नियम पहिल्याच ओळीत सांगतो की लेनमुळे बाकीचा कोणताही नियम रद्द होत नाही. समोरचंही इंजिनवरचंच जहाज असेल आणि ते तुमच्या उजवीकडून आडवं येत असेल, तर लेनमध्ये असूनही बाजूला व्हायचं तुम्हालाच. मासेमारी करणारी बोट, शिडाची होडी आणि २० मीटरपेक्षा लहान नाव यांनी लेनमधल्या जहाजाची वाट अडवू नये, एवढं नियम म्हणतो. पण 'अडवू नये' म्हणजे 'तुम्ही डोळे मिटून या' असं नाही. धडकेचा धोका निर्माण झाला की तुमच्यावरची जबाबदारी पूर्ण कायम राहते. रत्नागिरीच्या बाहेर रात्री मासेमारी बोटींच्या दिव्यांतून वाट काढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

ओलांडण्याचा नियम मात्र समजून घेण्यासारखा आहे. इथे गाड्यांच्या उलट, सगळे उजव्या बाजूने जातात. म्हणजे पश्चिमेकडे जाणारे उत्तरेला, सिंगापूरच्या काठाने, आणि पूर्वेकडे जाणारे दक्षिणेला, इंडोनेशियाच्या बाजूने. त्यामुळे सिंगापूर बंदरातून निघून चीन-जपानकडे जायचं तर आधी पश्चिमेकडची अख्खी लेन ओलांडावी लागते. ती काटकोनात ओलांडायची. समजा लेन २ सागरी मैल रुंद आहे आणि तुमचा वेग १२ नॉट. काटकोनात १० मिनिटांत पार. लेनशी ३० अंशांचा कोन करून तिरके गेलात तर ४ मैल, २० मिनिटं. आणि या २० मिनिटांत येणाऱ्या प्रत्येक जहाजाला तुम्ही लेनमध्ये शिरताय की ओलांडताय हेच कळत नाही.

यातली खोच अशी की काटकोन हा हेडिंगचा, म्हणजे जहाजाच्या नाकाच्या दिशेचा, मोजायचा, जमिनीवर उमटणाऱ्या ट्रॅकचा नाही. प्रवाह तुम्हाला बाजूला ढकलेल, ढकलू द्या. ट्रॅक सरळ ठेवण्यासाठी नाक वळवलंत तर समोरच्याला तुमची बाजू तिरकी दिसते, दिवे तिरके दिसतात, आणि ओलांडायला वेळही जास्त लागतो. याउलट लेनमध्ये बाजूने सामील व्हायचं असेल तर कोन जितका लहान तितका चांगला. हायवेवर सर्व्हिस रोडवरून चढतो तसं.

रात्री ओलांडणाऱ्या जहाजाने उभ्या ओळीत तीन हिरवे दिवे लावावेत, अशी शिफारस इथे २०११ पासून आहे. 'मी आडवा जातोय' एवढाच त्यांचा अर्थ. त्यांच्यामुळे तुम्हाला अग्रक्रम मिळत नाही. ओलांडून झालं की विझवायचे. विसरून तसेच पेटते ठेवून पूर्वेच्या लेनमधून निघालेलं जहाज मागच्या सगळ्यांना बुचकळ्यात टाकतं.

व्हीटीआयएसवाला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाहतूक केंद्रातला माणूस, रडारवर सगळं पाहतो, धोका दिसला तर आवाज देतो. निर्णय मात्र ब्रिजवरच होतो. १५ ऑक्टोबर १९९७ ला 'एव्हॉइकोस' आणि 'ओरापिन ग्लोबल' हे दोन टँकर इथे धडकले आणि सुमारे २८,५०० टन तेल समुद्रात गेलं. दोन्ही कॅप्टनना सिंगापूरच्या न्यायालयाने तुरुंगात धाडलं. व्हीएचएफवर 'तू डावीकडे, मी उजवीकडे' असं ठरवत बसणं तर त्याहून धोक्याचं. गर्दीत आपण नेमक्या कोणत्या जहाजाशी बोलतोय याचीच खात्री नसते. वळायचं असेल तर लवकर वळा, आणि ते रडारवर ठळक दिसेल इतकं वळा.

ऑटोपायलट सोडून स्टीअरिंग हातावर घ्यायचं ते सामुद्रधुनीत शिरण्याआधी, दोन्ही पंप चालू ठेवून. ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्वेच्या तोंडाशी, हॉर्सबर्ग दीपगृहाजवळ, 'जॉन एस. मॅकेन' ही अमेरिकी विनाशिका एका टँकरला धडकली आणि १० नौसैनिक गेले. तिचं सुकाणू बिघडलेलं नव्हतं. नियंत्रण एका कन्सोलवरून दुसऱ्यावर गेलं होतं आणि ते कोणाकडे आहे हेच ब्रिजवर कोणाला उमगलं नव्हतं. म्हणून हेल्म्समन, म्हणजे सुकाणू धरणारा, बदलताना 'सुकाणू माझ्याकडे' हे मोठ्याने म्हणायची जुनी सवय सोडू नका.

हॉर्सबर्ग मागे पडला आणि नववा सेक्टर संपला की चॅनेल १० सोडा. सिंगापूरच्या तिन्ही सेक्टरच्या रिपोर्टच्या वेळा लॉगबुकात उतरवा, विश्रांतीचे तास भरा आणि वॉच पुढच्याच्या हाती द्या.