सल्फ्युरिक ॲसिडची आयात: पात्रता, कागदपत्रं आणि मुदती

तुतिकोरिनचा स्टरलाइट तांबे प्रकल्प मे २०१८मध्ये बंद झाला आणि देशातला ॲसिडचा मोठा स्रोत आटला. एक टन तांब्यामागे साधारण तीन टन ॲसिड निघतं, पण ते जोडउत्पादन. मागणी वाढली म्हणून कोणी जास्त तांबं वितळवत नाही. त्यातच जगातलं निम्म्याहून अधिक ॲसिड फॉस्फेट खतांकडे जातं. जपान-कोरियातल्या स्मेल्टरांच्या, म्हणजे धातू वितळवणाऱ्या कारखान्यांच्या, मालावर चिली, मोरोक्को यांचाही डोळा असतो. म्हणून भाव ठरवण्याआधी कागद तयार ठेवा.

पॅन असलेला मालक, भागीदारी, एलएलपी किंवा कंपनी, कोणीही आयात करू शकतं. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर आयईसीसाठी, म्हणजे आयात-निर्यातदाराच्या कोडसाठी, अर्ज करायचा. शुल्क ५०० रुपये. लागतं काय, तर पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक आणि आधार ई-साइन किंवा डिजिटल सही. पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे; ‘अँड’ आणि ‘&’ एवढ्या फरकावरही अर्ज अडकू शकतो. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायचा असतो, बदल काही नसला तरी. विसरलात तर तो निष्क्रिय होतो, आणि हे लक्षात येतं ते जहाज वाटेत असताना.

खरी गफलत पुढच्या टप्प्यावर होते. घातक रसायनांच्या १९८९च्या नियमांतला नियम १८ सांगतो, की आयातीची सूचना ३० दिवस आधी, ते जमलं नाही तर निदान आयातीच्या तारखेपर्यंत, संबंधित प्राधिकरणाला द्यायची. त्यात माल घेणाऱ्याचं नाव-पत्ता, बंदर, वाहतुकीचं साधन, प्रमाण आणि पूर्ण सुरक्षा माहिती हवी. बंदर प्रशासनाला त्याच वेळी ते प्राधिकरण कळवतं.

बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे द्यायचं आयातीचं विवरण, २८०७ ००१० या कोडखाली, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं. ओलियमचा (धूर सोडणाऱ्या अतितीव्र सल्फ्युरिक ॲसिडचा) कोड वेगळा, २८०७ ००२०. उशिराला पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, नंतर रोज १०,०००. २२ सप्टेंबर २०२५पासून या ॲसिडवरचा जीएसटी १८वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या कॉस्टिंग शीटमध्ये १८ राहिला असेल तर बदला.

जहाजातून ॲसिड हजारो टनांत येतं. किनाऱ्यावर स्वतःची किंवा भाड्याची टाकी नसेल, तर लहान युनिटने थेट आयातीच्या फंदात पडू नये. मोठ्या आयातदाराकडून घेतलेलं बरं.

बंदराबाहेर काढताना टँकरवर यूएन १८३० (या ॲसिडचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) फलक, ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचं ते सांगणारं कार्ड) आणि घातक मालाची नोंद असलेला चालकाचा परवाना लागतो. ९८ टक्के ॲसिड लिटरला १.८४ किलो भरतं, म्हणजे २० टन माल जेमतेम १०,९०० लिटर. टँकर अर्धा रिकामा दिसतो म्हणून भरत राहिलात, तर काट्यावर ओव्हरलोड निघतो.

किरकोळ विकणार असाल तर २०१३चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागू होतो: खरेदीदाराचं पत्त्यासह सरकारी ओळखपत्र, कारण आणि प्रमाण नोंदवहीत, १८ वर्षांखालच्याला विक्री नाही, साठ्याची माहिती १५ दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना. चुकलं तर दंड ५०,००० रुपयांपर्यंत.