‘हुरडा बाधला’ म्हणून अंगावर काढलेली पोटदुखी

सोलापुरात जानेवारीत पोट दुखलं की कारण घरातच ठरतं. हुरडा बाधला, नाहीतर गड्ड्याच्या जत्रेत उघड्यावरचं काहीतरी खाल्लं. ओवा चावून होतो, पोट शेकून होतं आणि बहुतेक वेळा दुखणं थांबतंही. गेल्या थंडीत फॉर्मेलिनच्या बरणीतून माझ्या टेबलावर आतड्याचा जो वीतभर तुकडा आला, त्याची सुरुवातही अशीच झाली होती. यंत्रमागावर काम करणारा चाळिशीतला माणूस. दोन-तीन महिने अधूनमधून कळ यायची, तासाभरात जायची. मग एका रात्री कळ गेलीच नाही. हिरवट उलट्या, पोट टम्म, वारासुद्धा सरेना. पहाटे ऑपरेशन झालं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तो तुकडा कात्रीने उभा उघडला. घाईत सदरा काढताना बाही जशी उलटून आत जाते, तसं आतडं स्वतःच्याच पुढच्या भागात शिरलेलं. आत शिरलेला भाग रक्तपुरवठा तुटून काळाजांभळा पडला होता. त्याच्या टोकाला लिंबाएवढी, पिवळी, बोटाखाली दबणारी गाठ होती. लायपोमा, म्हणजे निव्वळ चरबीची गाठ, कॅन्सर नव्हे. पण अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा या गाठीलाही घास समजून ओढत राहिल्या आणि गाठीबरोबर आतड्याची भिंतही ओढली गेली. लहान मुलांत आतड्यात आतडं शिरतं तेव्हा मागे बहुधा गाठ नसते. मोठ्या माणसात मात्र ती असणारच असं धरून शोधावी लागते.

लहान आतड्यातल्या गाठी तशा दुर्मीळ. पचनमार्गाच्या लांबीतला जवळपास पाऊण हिस्सा या आतड्याचा, पण पचनमार्गाच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी. इथलं अन्न पातळ असतं, भरभर पुढे सरकतं, त्यामुळे घातक द्रव्यं भिंतीला फार वेळ चिकटून राहत नाहीत. मोठ्या आतड्याच्या मानाने जंतूही फार थोडे. शिवाय अस्तराच्या पेशी ३ ते ५ दिवसांत झडून नव्या येतात.

पण हाच पातळपणा पुढे घात करतो. नळी अर्धी बुजली तरी पातळ अन्न वाट काढत राहतं आणि माणसाला पत्ताच लागत नाही. नेहमीची दुर्बीण तोंडातून घातली तर लहान आतड्याच्या जेमतेम सुरुवातीला पोचते, खालून घातली तर शेवटच्या टोकाला. मधला काही मीटरचा पल्ला अंधारातच. २००१ पासून गिळायची कॅमेरा-कॅप्सूल वापरात आली, पण अडथळ्याची शंका असेल तर ती देत नाहीत, कारण तीच अडकू शकते. म्हणून अशा रात्री भरवसा सीटी स्कॅनवर आणि सर्जनच्या हातांवर.

सगळ्याच गाठी वाट अडवून थांबत नाहीत. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, भिंत पोखरून भोक पाडू शकतो. हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, न्यूरोएंडोक्राइन गाठ कधी वाटाण्याएवढीच असते, पण आजूबाजूचा भाग आक्रसून आतड्याला मुरड पडते. मला सगळ्यात फसवी वाटते ती जिस्ट नावाची गाठ. आतड्याच्या लाटांना लय देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्याशी हिचं नातं. ती बरेचदा बाहेरच्या अंगाने वाढते, त्यामुळे वाट मोकळी राहते. मग आतल्या अस्तराला मधोमध जखम होते आणि रक्त जात राहतं. डांबरासारखी काळी शौच आणि गोळ्या घेऊनही पुन्हा पुन्हा उतरणारं हिमोग्लोबिन, एवढीच तिची खूण. बहुतेक जिस्ट ज्या जनुकातल्या बिघाडाने होतात, तो १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवला आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्यावर इमॅटिनिबच्या गोळीला मान्यता मिळाली. ज्या गाठीला केमोथेरपी दाद देत नव्हती, तिच्यावर तोंडाने घ्यायची गोळी! आजही मला त्याचं अप्रूप वाटतं.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. आतड्याचा टीबीही नळी अशीच अरुंद करतो, आणि स्कॅनमध्ये गाठ आणि टीबी सारखे दिसू शकतात. तुकडा तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही.

पोटात कळा, उलट्या, फुगलेलं पोट आणि शौच-वारा बंद, हे एकत्र आलं तर सकाळची वाट बघू नका. जुलाबाचं औषध तर मुळीच घेऊ नका. अडलेल्या आतड्यावर त्याने आणखी जोर पडतो.

आणि ऑपरेशन झाल्यावर तुकड्याचा रिपोर्ट मागून घ्या. जिस्टमध्ये गाठ किती सेंटिमीटरची, तिच्यात किती पेशी दुभंगत होत्या, ती फुटली होती का, यावरून पुढे तीन वर्षं गोळी चालू ठेवायची की नुसती तपासणी पुरेल हे ठरतं.

त्या यंत्रमाग कामगाराची बायको रिपोर्ट न्यायला आली तेव्हा तीन आठवडे उलटले होते. “टाके काढल्यावर बरे झाले की हो ते,” ती म्हणाली. चरबीची गाठ होती, पूर्ण निघाली आहे, असं मी तिला वाचून दाखवलं. त्याच कप्प्यात एका जिस्टचं पाकीट होतं. त्या घरून अजून कुणीच आलं नव्हतं. ती गेल्यावर मी पाकिटावरच्या नंबरला फोन लावला.