हुडिया: भूक मारणाऱ्या झुडपाची कुळकथा

‘भूक कमी करणारी पारंपरिक वनौषधी’ म्हणून २००० नंतरच्या दशकात हुडियाच्या कॅप्सुली जगभर खपल्या. ही वनस्पती दिसायला निवडुंगासारखी, पण कुळ रुईचे. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना या देशांच्या कोरड्या भागांत ती वाढते. तिथले सान नावाचे आदिवासी लोक लांबच्या शिकारीला निघाले की तिचे खोड सोलून चघळत. त्याने भूक आणि तहान दोन्ही दबतात, असा त्यांचा अनुभव. वनस्पतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्लोथ यांच्या १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या गुणाची नोंद आहे. सान लोकांच्या या वापराचा वजन उतरवण्याशी काही संबंध नव्हता.

दक्षिण आफ्रिकेच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने (भारतातल्या संस्थेशी फक्त नामसाम्य) १९६० च्या दशकात रानातल्या खाद्य वनस्पती तपासायला घेतल्या. हुडियाचा अर्क दिलेले प्राणी कमी खाऊ लागले. त्यातला नेमका घटक हाती यायला मात्र पुढची बरीच वर्षे गेली. १९९० च्या दशकात संस्थेने पेटंट मिळवले, विकासाचे हक्क ब्रिटनच्या फायटोफार्म कंपनीला दिले आणि १९९८ मध्ये बडी औषध कंपनी फायझरही त्यात उतरली.

ज्यांच्याकडून हे ज्ञान आले, त्या सान लोकांना कोणी विचारलेच नव्हते. ते लोक आता उरलेच नाहीत, असे फायटोफार्मकडून सांगितले जात होते! २००१ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले आणि मार्च २००३ मध्ये करार झाला: सीएसआयआरला मिळणाऱ्या रॉयल्टीतले ६ टक्के आणि संशोधनाच्या टप्प्यांवर मिळणाऱ्या रकमांतले ८ टक्के सान समाजाला. त्याच वर्षी फायझर बाहेर पडली. नंतर आलेल्या युनिलिव्हरनेही २००८ मध्ये काम थांबवले.

बाजाराला याचे सोयरसुतक नव्हते. रानातली झाडे इतकी ओरबाडली जाऊ लागली की २००४ मध्ये हुडियाचा व्यापार ‘साइट्स’ या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या निर्बंधांखाली आणावा लागला. तरी गोळ्यांचा पूर थांबेना. त्यांतल्या कित्येक गोळ्यांत हुडिया नावालाही नसे.

युनिलिव्हरच्या संशोधकांनी केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. निरोगी पण वजन जास्त असलेल्या स्त्रियांना १५ दिवस अर्क दिला गेला. त्यांचे खाणे आणि वजन तुलनेसाठी औषधी घटक नसलेला नमुना (प्लासिबो) घेणाऱ्या गटाइतकेच राहिले. मळमळ, उलट्या, वाढलेला रक्तदाब हे त्रास मात्र दिसले. पेटंटवर बेतलेले औषध बाजारात आलेच नाही, त्यामुळे सान लोकांच्या ६ टक्क्यांचा हिशेबही कागदावरच राहिला.