चेंडूवरचा शिक्का आणि सहीची किंमत

न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या आजोबांचं घर गेल्या वर्षी रिकामं करायला काढलं, तेव्हा त्यांच्या मुलीने बुटांचा एक खोका माझ्यापुढे धरला. आत जुन्या मलमलीसारखा पिवळा पडलेला बेसबॉल होता आणि त्यावर वीस-एक निळ्या सह्या. "याचे काय येतील?" एवढाच तिचा प्रश्न होता. सगळ्यांचीच नजर आधी सह्यांवर जाते, माझीही गेली. पण जुन्या चेंडूची चौकशी शिक्क्यापासून सुरू करायची असते.

अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचे संघ नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीगमध्ये, म्हणजे गटांत, विभागलेले आहेत. 1999 पर्यंत या दोन लीगचे चेंडू वेगवेगळे होते आणि प्रत्येकावर त्या लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असायची. हाच तो शिक्का. नॅशनल लीगच्या चेंडूंवर 1934 ते 1951 फोर्ड फ्रिक, त्यानंतर 1969 पर्यंत वॉरेन गाइल्स. अमेरिकन लीगच्या चेंडूंवर 1931 ते 1959 विल्यम हॅरिज, मग 1973 पर्यंत जो क्रोनिन. कारखानदारांनी हे काही संग्राहकांच्या सोयीसाठी केलं नव्हतं, पण त्यामुळे प्रत्येक चेंडूवर आपोआप तारीख पडत गेली. बेसबॉलचा सगळ्यात गाजलेला खेळाडू बेब रूथ 1948 च्या ऑगस्टमध्ये गेला. त्यामुळे गाइल्सच्या शिक्क्याच्या चेंडूवर रूथची सही दिसली, तर पुढे काही तपासायची गरजच उरत नाही.

टाके आणि कातडंही असंच बोलतं. 1934 च्या आधी नॅशनल लीगच्या चेंडूला लाल-काळे टाके असत आणि अमेरिकन लीगच्या चेंडूला लाल-निळे. त्यानंतर सगळीकडे लाल दोरा आला. 1974 पर्यंत आवरण घोड्याच्या कातड्याचं होतं, पुढे गाईच्या कातड्याचं झालं. शाई तर सगळ्यात कडक साक्षीदार. बॉलपेन अमेरिकेच्या दुकानात आलं 1945 च्या ऑक्टोबरमध्ये आणि शार्पी मार्कर 1964 मध्ये. 1930 च्या संघाच्या सह्या ठसठशीत मार्करने केलेल्या दिसल्या, तर त्या कधी झाल्या असतील हे कुणालाही कळेल.

आमच्या खोक्यातल्या चेंडूवर गाइल्सचा शिक्का होता, म्हणजे सह्यांमधल्या खेळाडूंशी काळ जुळत होता. भिंगाखाली पेनाचा दाब दिसला, कातड्यात शाई थोडी पसरलेलीही दिसली, म्हणजे सह्या छापील नव्हत्या. पण संघातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचं नाव आणि शिवणीपलीकडची दोन नावं एकाच हाताची होती. 'एम' चं वळण तेच, शेवटचा फराटाही तोच. जाणकार याला 'क्लबहाउस सही' म्हणतात. चाहत्यांसाठी रोज डझनांनी चेंडू सही करायला यायचे. मोठा खेळाडू कंटाळायचा आणि कपड्यांच्या खोलीतला पोऱ्या किंवा संघातला एखादा माणूस त्याच्या नावाने सही करून टाकायचा. त्यात फसवण्याचा हेतू क्वचितच असे, कारण त्या काळी त्या सहीला बाजारभावच नव्हता. भाव आला तो पुढे, आणि तेव्हा याच सवयीने हजारो घरांतल्या चेंडूंची किंमत खाली आणली.

बॅटची गोष्ट केंटकीतल्या लुइव्हिल गावात सुरू होते. हिलरिच कुटुंबाचं तिथे लाकडी कामाचं दुकान होतं. 1884 मध्ये पीट ब्राउनिंग नावाच्या खेळाडूची बॅट मोडली आणि मालकाच्या मुलाने त्याला नवी घडवून दिली, असं सांगतात. ही दंतकथा असेलही, पण 'लुइव्हिल स्लगर' हे त्यांच्या बॅटचं नाव 1894 मध्ये नोंदलं गेलं, हे पक्कं आहे. 1905 मध्ये होनस वॅग्नर या नामांकित खेळाडूने आपली सही बॅटवर कोरायला परवानगी दिली आणि इथून पुढच्या सगळ्या गोंधळाचं बीज पडलं. बॅटवर डागलेली सही म्हणजे ती बॅट त्या खेळाडूने हातात धरली असा अर्थ होत नाही. रूथच्या नावाची बॅट पोरंटोरं दुकानातून विकत घेत आणि गल्लीत खेळत. आज माळ्यावर सापडणाऱ्या बहुतेक बॅटा याच वर्गातल्या.

फरक ओळखायचा तर बॅटच्या मधोमधचा शिक्का आणि मुठीखालचा गोल नॉब पाहावा. कंपनीचं नाव 1916 मध्ये 'हिलरिच अँड ब्रॅड्सबी' झालं, त्यामुळे 'जे. एफ. हिलरिच अँड सन' असा जुना शिक्का दिसला की काळ मागे जातो. नॉबवर 34 किंवा 35 असा नुसता आकडा असेल तर ती सहसा दुकानातली बॅट, कारण तो आकडा लांबीचा. व्यावसायिक खेळाडूंच्या बॅटांवर 1940 च्या दशकापासून नमुन्याचा क्रमांक येऊ लागला. खेळाडूच्या आडनावाचं आद्याक्षर आणि पुढे आकडा, असा तो असे. रूथचा नमुना आर-43. कारखान्याने कुणाला किती लांबीच्या, किती वजनाच्या बॅटा पाठवल्या याच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. खेळाडू आवडती बॅट 'अशीच आणखी पाठवा' म्हणून परत धाडत. कारखान्यातला माणूस त्या परत आलेल्या बॅटवर मेणाच्या पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहून ठेवी. कामापुरतं केलेलं ते लिखाण आज त्या बॅटचा जन्मदाखला ठरतं. अशी बॅट हाती लागणं हे संग्राहकाचं खरं भाग्य, असं मला मनापासून वाटतं.

स्मरणिका म्हणून काढलेल्या बॅटांचा हिशेब निराळा. वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, गाठलेल्या संघांसाठी काळ्या रंगाच्या, सोनेरी छापील सह्यांच्या बॅटा निघत. त्या थोड्याच असत आणि खेळाडू, अधिकारी, पाहुणे यांना मिळत, म्हणून जुन्या काळ्या बॅटांना मागणी टिकून आहे. पुढे मात्र 'मर्यादित आवृत्ती' हा धंदाच झाला. जो डिमॅजिओ या खेळाडूने 1941 साली सलग 56 सामन्यांत हिट (चेंडू टोलवून बेस गाठणारा फटका) मारला होता. त्या सालाची आठवण म्हणून 1990 च्या दशकात त्याने 1,941 बॅटांवर सह्या केल्या. डिमॅजिओ बॅटवर सहजासहजी सही देत नसे, म्हणून त्या बॅटांना मोल आहे. पण सहीशिवायच्या, हजारांनी काढलेल्या स्मरणिका बॅटा सगळ्यांनी जपूनच ठेवल्या. त्यामुळे त्या दुर्मिळ कधी झाल्याच नाहीत.

1980 च्या दशकात पैसे घेऊन सह्या देण्याचे मेळावे जोरात सुरू झाले, सहीला दर आला आणि दराबरोबर बनावट आली. सॅन डिएगो संघाचा खेळाडू टोनी ग्विनला तर आपल्याच स्टेडियममधल्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या दिसल्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने 'ऑपरेशन बुलपेन' नावाने छापे घातले. त्या मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल निघाले. कोलकात्यात आयुष्य वेचलेल्या बाईंच्या नावाने ही लबाडी झाली, याची मला आजही चीड येते.

त्यातून 2001 मध्ये मेजर लीगने, म्हणजे या दोन्ही लीगच्या एकत्रित संस्थेने, स्वतःची प्रमाणीकरण व्यवस्था उभी केली. मैदानात एक माणूस बसतो, बहुधा आजी किंवा माजी पोलीस. चेंडू खेळातून बाहेर आला की तो त्यावर क्रमांकाचं होलोग्राम चिकटवतो आणि नोंद करतो. जे त्याने डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याला होलोग्राम नाही.

पण पुरावा पक्का असला तरी भाव पक्का नसतो. मार्क मॅग्वायरने 1998 च्या एकाच हंगामात 70 होम रन (बहुधा थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारून विक्रम केला, त्यातल्या 70 व्याचा चेंडू सुमारे 30 लाख डॉलरला गेला. तीन वर्षांत बॅरी बाँड्सने 73 मारले, तो विक्रम मागे पडला. बाँड्सचा चेंडू कुणाचा, यावर दोन प्रेक्षकांनी कोर्टात भांडून शेवटी पैसे वाटून घेतले आणि 2003 मध्ये तो साडेचार लाख डॉलरलाच विकला गेला. त्यानंतर उत्तेजकांच्या प्रकरणाने दोघांचीही नावं काळवंडली. उलट जपानी खेळाडू शोहेई ओहतानीच्या 2024 च्या हंगामातल्या 50 व्या होम रनचा चेंडू त्याच वर्षी जवळपास 44 लाख डॉलरला गेला.

शेजारच्या घरातल्या चेंडूला यातलं काहीच लागू नव्हतं. मोठी सही क्लबहाउसची निघाल्यामुळे फार मोठी रक्कम येणार नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. चेंडू पुसू नकोस, फिकट सह्या गिरवू नकोस, उन्हात ठेवू नकोस, हेही सांगितलं. आणि हा चेंडू वडिलांकडे कसा आला, ते आठवतंय तेवढं आजच कागदावर लिहून तारीख घाल, असं सुचवलं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. वडिलांचे मामा स्टेडियमच्या फाटकावर तिकिटं फाडायचे, इथून तिने सुरुवात केली. अर्ध्या तासाने दुसरा कागद मागितला.